आधी वही, मग वायर: ऑफिसच्या इमारतीत टेलिफोनचं जाळं कसं आखावं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या चार मजली इमारतीत फोनची दोन एक्स्टेंशन या खोलीतून त्या खोलीत हलवायची होती. "तासाभराचं काम आहे," मालक फोनवर म्हणाले आणि मीही हो म्हटलं. जिन्याशेजारच्या शाफ्टचं, म्हणजे वायरी वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचं, दार उघडलं तर वायरींचा भारा अंगावर आला. पांढऱ्या, करड्या, निळ्या. काही टेप गुंडाळून जोडलेल्या, काही नुसत्याच पिळून सोडून दिलेल्या. एकीवरही चिठ्ठी नाही. वॉचमनकाका तेवढे मागून म्हणाले, "ती करडी ओढू नका बरं. मागच्या वेळी ओढली तर लिफ्टमधला फोन बंद पडला होता." त्या इमारतीत वायरिंगचा नकाशा म्हणजे ते काकाच होते. काम संपायला तीन दिवस लागले, आणि त्यातले अडीच दिवस कुठली वायर कुठे जाते हे शोधण्यात गेले.

तुम्ही नव्यानेच वायरिंगच्या धंद्यात आला असाल, ॲडमिनमध्ये लागल्या लागल्या हे काम गळ्यात पडलं असेल किंवा स्वतःचा गाळा घेऊन ऑफिस थाटत असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. उदाहरणाला एक इमारत धरू: तळमजला आणि वर चार मजले, एकच कंपनी, एकच शाफ्ट.

फिरा आणि मोजा

केबलचा भाव काढण्याआधी आर्किटेक्टकडून प्रत्येक मजल्याचा प्लॅन मागा आणि तो हातात घेऊन इमारत पायाखाली घाला. माणसं मोजू नका, जागा मोजा. माणसं बदलतात, टेबलं सरकतात, भिंत मात्र तिथेच राहते. जिथे फोन लागेल किंवा लागू शकेल तिथे प्लॅनवर टिंब काढा.

टेबलांवरचे फोन कोणी विसरत नाही. विसरतात ते हे: लिफ्टमधला इंटरकॉम, गेटवरची केबिन, पंपाची खोली, फायर अलार्मचं पॅनेल, पॅन्ट्री, मालाच्या दारापाशी डिस्पॅचचं टेबल, सर्व्हर रूम. फोनची खरी गरज अडचणीच्या वेळी याच ठिकाणी लागते, आणि सगळं रंगकाम झाल्यावर भिंतीवरून उघडी वायर न्यावी लागते तीही इथेच.

आपल्या इमारतीत मोजणी अशी झाली असं समजू: तळमजल्यावर ८, पहिल्यावर १८, दुसऱ्यावर २२, तिसऱ्यावर १४ आणि चौथ्यावर ६. एकूण ६८ पॉइंट.

साधे फोन की आयपी फोन?

हा प्रश्न पहिल्याच बैठकीत सोडवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. साध्या फोनला तांब्याच्या दोन तारा लागतात, म्हणजे एक जोडी. धंद्यात तिला 'पेअर' म्हणतात. त्या जोडीवरूनच ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज, फोनला वीजही देतं, म्हणून दिवे गेले तरी ईपीएबीएक्सची बॅटरी चालू असेपर्यंत फोन चालतो. आयपी फोन कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर बसतो. त्याला कॅट-६ ही नेटवर्कची केबल लागते आणि वीज येते पीओई स्विचकडून, म्हणजे त्याच केबलमधून वीजही देणाऱ्या नेटवर्कच्या डब्याकडून. स्विच यूपीएसवर नसेल तर महावितरणची वीज गेली की सगळे फोन मुके.

माझं मत विचाराल तर टेबलांना कॅट-६ द्या; प्रत्येक टेबलाला दोन पॉइंट, एक कॉम्प्युटरचा आणि एक फोनचा. आज त्यावर साधा फोन लावला तरी चालतो, उद्या आयपी फोन आणला तरी भिंत फोडावी लागत नाही. लिफ्ट, गेट, पंपरूम आणि फायर पॅनेल मात्र साध्या जोडीवर ठेवा. जिथे फोन वर्षातून दोनदा उचलला जातो, पण उचलला की लागलाच पाहिजे, तिथे जितकी कमी यंत्रं मध्ये असतील तितकं बरं.

कॅट-६ टाकणार असाल तर एक मर्यादा पक्की ध्यानात ठेवा. मजल्यावरच्या रॅकपासून भिंतीतल्या पॉइंटपर्यंत केबल ९० मीटरपेक्षा लांब नको. दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे जोडणीच्या छोट्या केबल, धरून एकूण १००. प्लॅनवर सरळ रेषा मोजू नका. केबल कोपरे घेत जाते, वर छतात चढते, पुन्हा खाली उतरते. नवी मुंबईत महापे किंवा ऐरोलीच्या लांबलचक मजल्यांवर हे ९० मीटर वाटतात त्यापेक्षा लवकर संपतात.

मजकडे येणारी बरीचशी जुनी ऑफिसं अजून साध्या जोड्यांवरच आहेत आणि नव्या माणसाचा गोंधळही तिथेच होतो, म्हणून पुढचा बराच भाग जोड्यांबद्दल आहे.

एमडीएफची जागा

एमडीएफ म्हणजे इमारतीतल्या सगळ्या जोड्या जिथे येऊन मिळतात ती चौकट. बिल्डरला विचाराल तर तो बेसमेंटमधला कोपरा दाखवेल, कारण ती जागा दुसऱ्या कशालाच उपयोगी नसते. घेऊ नका. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण सांगावं लागत नाही. शिवाय ठाणे असो की नवी मुंबई, खाडी हाकेच्या अंतरावर आहे. दमट, खारट हवेत उघडं तांबं हिरवं पडतं आणि फोनवर खरखर सुरू होते.

तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर, शाफ्टला लागून, कोरडी खोली मागा. वर टॉयलेट किंवा पाण्याची टाकी नाही ना, ते डोकं वर करून बघा. विजेचं मुख्य पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, लिफ्टची मोटर यांच्यापासून लांब. दार उघडून माणूस नीट उभा राहील एवढी जागा, एक दिवा, यूपीएसचा एक सॉकेट आणि कुलूप. बहुतेक खोल्यांत दिवाच नसतो, आणि मग दातांत टॉर्च धरून रंग ओळखावे लागतात.

पाइप आणि मार्ग

केबल बदलता येते, भिंतीतला पाइप बदलता येत नाही. म्हणून पैसे वाचवायचे तर पाइपावर वाचवू नका. पाइप केबलने गच्च भरू नका. आतल्या पोकळीचा चाळीस टक्के भाग भरला की तो भरला समजा. प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी ओढून ठेवा. नवी केबल ओढताना त्याच दोरीबरोबर दुसरी दोरीही ओढून घ्या, म्हणजे पुढच्याची सोय होते. दोनपेक्षा जास्त वळणं आली तर मध्ये ओढबॉक्स द्या, म्हणजे केबल ओढायला उघडता येणारा डबा.

विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपात फोनची वायर कधीही नाही. समांतर जायची वेळ आली तर निदान फूटभर अंतर ठेवा, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. तसं केलं नाही तर फोन उचलल्यावर ५० हर्ट्‌झची घुंईऽ ऐकू येते, आणि तक्रार मात्र 'फोन खराब आहे' अशी येते.

शाफ्टमध्ये दर मजल्याच्या स्लॅबला भोक असतं. केबल गेल्यावर ते आग अडवणाऱ्या मसाल्याने बंद करून घ्या, नाहीतर खालच्या मजल्यावरचा धूर त्याच वाटेने वर चढतो. केबलही एफआरएलएस म्हणजे कमी धूर करणारी मागा. नवं भोक पाडायचं असेल तर कोअर कटिंगवाल्याला बोलावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची परवानगी लेखी घ्या. बीममध्ये भोक हा विषयच नाही.

उंदरांचंही बोलायला हवं. तुर्भ्याला एपीएमसीच्या आसपासच्या गाळ्यांत काम असेल तर पीव्हीसी पाइपाचा नाद सोडा आणि खालचा टप्पा जीआय म्हणजे लोखंडी पाइपातून न्या. धान्याच्या बाजाराशेजारी राहणारा उंदीर केबलही चाखून बघतो.

हे सगळं फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी व्हायला हवं. पीओपीवाल्याशी रोज सकाळी चहा घ्या. तो कुठली बाजू कधी बंद करणार हे त्याच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

किती जोड्यांची केबल

आता मजल्यांचे आकडे पुन्हा घ्या. प्रत्येक आकड्यात त्याच्या पावपट भर घाला, आणि बाजारात मिळणाऱ्या मापाला पोचा. इमारतीच्या आत वापरायची केबल साधारण ५, १०, २०, ५०, १०० जोड्यांत मिळते, तार ०.५ मिलिमीटर जाडीची घ्या.

पहिला मजला: १८ चे सव्वापट साडेबावीस, म्हणून २० ची एक आणि १० ची एक, एकूण ३०. दुसरा: २२ चे साडेसत्तावीस, तेही ३०. तिसरा: १४ चे साडेसतरा, म्हणून २०. चौथा: ६ चे साडेसात, म्हणून १०. तळमजला: ८ ला १०. बेरीज १००. म्हणजे एमडीएफवर एक्स्टेंशनच्या बाजूला १० जोड्यांचे दहा क्रोन मॉड्यूल, म्हणजे तारा बसवायच्या पट्ट्या. एवढं सरळ गणित प्रत्येक वेळी जुळत नाही; जुळलं नाही तर वरच्या मापाला जा. ईपीएबीएक्समध्ये कार्ड आठ-आठ पोर्टची असतील तर ६८ साठी नऊ कार्डं लागतात, ७२ पोर्ट.

प्रत्येक मजल्यावर शाफ्टमध्ये एक डीपी बॉक्स. एमडीएफवरून मोठी केबल तिथे येते, आणि तिथून प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र वायर जाते. एका पॉइंटवरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा अशी माळ ओवू नका. घरी चालून जातं. ऑफिसात एका टेबलाखालचा सॉकेट सुटला की पुढची सगळी रांग बंद.

रंग पाठ करा

हे लाइनमनचे पाढे आहेत. पहिली तार पाच रंगांतली: पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. जोडीदार पाच रंगांतला: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पांढऱ्याबरोबर पाचही जण फिरतात, त्या जोड्या १ ते ५. मग लालबरोबर ६ ते १०, काळ्याबरोबर ११ ते १५, पिवळ्याबरोबर १६ ते २०, जांभळ्याबरोबर २१ ते २५. तेरावी जोडी कोणती? काळा-हिरवा. सतरावी? पिवळा-केशरी. बसच्या रांगेत उभ्या उभ्या स्वतःला दहा-बारा विचारा, आठवड्यात बसतं. २० जोड्यांच्या केबलमध्ये जांभळा येतच नाही.

एक फसवणूक मात्र ओळखून असा. शाफ्टमधल्या पिवळ्या दिव्याखाली पांढरा आणि पिवळा सारखेच दिसतात, आणि जुनी पांढरी तार तर खरंच पिवळट पडलेली असते. पहिली आणि सोळावी जोडी अशीच एकमेकांच्या जागी जाते. पांढरा एलईडी टॉर्च जवळ ठेवा. आणि केबल सोलल्यावर जोड्यांचा पीळ उलगडू नका. मॉड्यूलपाशी येईपर्यंत तो तसाच ठेवा. बाहेरची गडबड दोन्ही तारांवर सारखी पडावी आणि एकमेकींत फिटावी, एवढ्याचसाठी तो पीळ असतो.

क्रोन मारणं

मॉड्यूलवर तार बसवण्याला आपल्याकडे सरसकट 'क्रोन मारणं' म्हणतात. नाव जर्मन कंपनीवरून आलं आहे. या पद्धतीला तिथे एलएसए म्हणतात, आणि अर्थ असा की डाख नको, स्क्रू नको, सोलणं नको. इन्सुलेशनसकट तार फटीत ठेवायची आणि टूल दाबायचं. आतलं पातं इन्सुलेशन कापून तांब्याला धरतं आणि टूल उरलेलं टोक छाटतं. टूलची कापणारी बाजू बाहेरच्या टोकाकडे आहे ना ते दर वेळी बघा. उलटी धरली तर जायची तीच तार कापली जाते. स्क्रूड्रायव्हरने तार दाबून बसवणाऱ्याला कामावर ठेवू नका. ती तार आज चालते, पण पातं फाकलेलं असतं. पावसाळ्यात खरखर सुरू होते ती तिथूनच.

दोन नंबर, एक जंपर

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, आणि नवखी माणसं सगळ्यात कमी.

प्रत्येक जागेला दोन वेगळे नंबर असतात. एक भिंतीचा: दुसऱ्या मजल्यावरचा चौदावा पॉइंट म्हणजे २-१४. हाच नंबर भिंतीवरच्या प्लेटवर, डीपी बॉक्समध्ये आणि एमडीएफवरही. तो इमारत उभी आहे तोवर बदलत नाही. दुसरा माणसाचा: अकाउंट्समधल्या शिंदे मॅडमचं एक्स्टेंशन ४२६. एमडीएफवर एका बाजूला ईपीएबीएक्सचे पोर्ट, दुसऱ्या बाजूला भिंतींचे पॉइंट आणि मध्ये त्यांना जोडणारी जंपर वायर. मॅडम तिसऱ्या मजल्यावर गेल्या तर एक जंपर इथून काढायचा आणि तिथे मारायचा. दोन मिनिटं. मॅडमचा नंबर तोच, भिंतीचाही तोच.

वागळेच्या त्या इमारतीत भिंतींना नंबरच नव्हते. माणूस हलला की नवी वायर ओढायची, जुनी तशीच सोडून द्यायची. तसं वर्षानुवर्षं झालं की शाफ्टमधून भारा बाहेर येतो.

एक्स्टेंशन १०० पासून सुरू करू नका. १०० पोलीस, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, ११२ सगळ्यांसाठी. धूर दिसल्यावर घाबरलेल्या माणसाने १०१ फिरवला आणि कॅशिअरने उचलला, असं व्हायला नको. ० बाहेरच्या लाइनसाठी आणि ९ ऑपरेटरसाठी असण्याची पद्धत आहे, म्हणून तेही सोडा. तळमजला २००, पहिला ३००, दुसरा ४०० असं चढत जा. ईपीएबीएक्स बसवणाऱ्याकडून ११२ हा शून्य न फिरवता थेट लागेल अशी सोय करून घ्या.

बाहेरची लाइन

ठाणे आणि नवी मुंबई, दोघांचाही कोड मुंबईचाच, ०२२. पूर्वी रस्त्याखालून जेली भरलेली तांब्याची केबल यायची. आता बहुतेक ठिकाणी फायबर येतो आणि ऑफिसात बसवलेल्या डब्यातून लाइन निघते. बाहेरच्या किती लाइन घ्यायच्या हे एक्स्टेंशनवर ठरत नाही. भर दुपारी एकाच वेळी किती जण बाहेर बोलतात, त्यावर ठरतं. पीआरआय ही डिजिटल लाइन घेतली तर एका जोडणीवर ३० संभाषणं चालतात. लहान ऑफिसला एसआयपी ट्रंकवर, म्हणजे इंटरनेटसारख्या जोडणीवरून येणाऱ्या लाइनवर, हवे तेवढेच चॅनेल घेता येतात.

कंपनीची जबाबदारी कुठे संपते आणि तुमची कुठे सुरू होते, ती जागा बोट ठेवून दाखवून घ्या. आत येणारा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, आणि केबलला आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या. पावसाचं पाणी त्या झोळावरून टपकून जातं, आत येत नाही. बाहेरून तांब्याची लाइन येत असेल तर एमडीएफवर प्रोटेक्शन मॉड्यूल लावा आणि त्याची अर्थिंग इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडून घ्या. वळवाच्या पावसात एक वीज जवळ पडली की अर्थिंग नसलेल्या ईपीएबीएक्सची कार्डं जातात.

तपासणी

लाइनवर फोन ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतात, घंटी वाजताना ७५ व्होल्टच्या आसपास एसी. म्हणून लाइन जोडलेली असताना ओल्या हाताने मॉड्यूलला हात लावू नका. आणि साध्या फोनचे पॉइंट व कॉम्प्युटरचे पॉइंट यांना वेगळ्या रंगाच्या प्लेट लावा. कॉम्प्युटरच्या आरजे-४५ सॉकेटमध्ये फोनची छोटी आरजे-११ पिन बसते. बसते म्हणून लोक घुसवतात, आणि तिच्या कडा सॉकेटमधल्या टोकाच्या दोन पिना दाबून वाकवतात. उलट लॅपटॉपची केबल फोनच्या पॉइंटमध्ये गेली आणि तेवढ्यात घंटी वाजली, तर लॅपटॉपचं पोर्ट जाऊ शकतं.

ईपीएबीएक्स जोडण्याआधी प्रत्येक जोडी मोजा. लांबच्या टोकाला दोन्ही तारा एकत्र करा आणि एमडीएफवर मल्टिमीटर लावा. ०.५ मिलिमीटरच्या तारेचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला साधारण १७६ ओम, म्हणजे १०० मीटरच्या जोडीला १७-१८. चाळीस दाखवलं तर कुठेतरी सांधा ढिला आहे. मग टोक सुटं करून पुन्हा मोजा. आता मीटरने काहीही दाखवता कामा नये.

एक दोष मात्र मीटरला सापडत नाही: एका जोडीची एक तार आणि शेजारच्या जोडीची एक तार मिळून जोडी झालेली असते. मीटर म्हणतो सगळं ठीक, पण शेजारच्या टेबलावरचं बोलणं आपल्या फोनवर ऐकू येतं. एचआरच्या फोनवरचं बोलणं कॅन्टीनमध्ये ऐकू यायला लागलं की हा दोष ताबडतोब शोधला जातो, हे मी पाहिलं आहे. रंग पुन्हा नीट बघणं, एवढाच इलाज.

वही

साधी वही चालते, एक्सेलची शीटही चालते. रकाने पाच: भिंतीचा नंबर, डीपीतली जोडी, एमडीएफचा मॉड्यूल आणि जागा, ईपीएबीएक्सचा पोर्ट, एक्स्टेंशन. मापलेले ओम समोर लिहिले तर फारच छान. एक प्रत लॅमिनेट करून एमडीएफच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. लॅमिनेट नसेल तर ऑगस्टपर्यंत बुरशी चढते. दुसरी प्रत ॲडमिनकडे. लेबलं बॉलपेनने लिहू नका, लेबल मशीनने छापा किंवा पक्क्या मार्करने लिहा.

तुम्ही काम करून घेणारे असाल तर ठेकेदाराशी आधीच ठरवा: बिलाचा शेवटचा हप्ता ही वही हातात आल्यावर आणि तुम्ही स्वतः निवडलेले दहा पॉइंट तिच्याशी ताडून बघितल्यावर. त्या दहांत लिफ्टचा फोन असू द्या. लिफ्टमध्ये जाऊन, दार बंद करून फोन लावा. वॉचमनच्या केबिनमध्ये उचलला जातो का ते बघा, आणि उचलणाऱ्याला कोण बोलतंय ते स्पष्ट ऐकू येतं का तेही विचारा.